कायदेआजोबांना अनावृत पत्र

अहमदपूर, जि. लातूर

तीर्थरूप कायदेआजोबा (मॅनूव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस अ‍ॅक्ट, 1938) यांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचा जन्म झाला तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो, म्हणून ओळख उशिरा झाली. पण तुमची करामत मानली! जमीन विकत घ्यायची नाही, सातबाऱ्यावरचं नाव खोडायचं नाही. राज्य सरकारनं नुसती अधिसूचना काढायची. लष्कराचा सराव असला की मालकानं गुरंढोरं घेऊन निघायचं, तोफा थांबल्या की परतायचं, आणि महसूल अधिकारी जे नुकसान मोजील ते गोड मानायचं.

मुदत ठरावीक वर्षांची, हे तुमचंच कलम. झारखंडात नेतरहाटला 1964 पासून तोफा धडाडल्या. 1994 मध्ये आदिवासींनी लष्कराची वाट अडवली, सराव बंद पडला. अधिसूचना मात्र 2022 पर्यंत ठणठणीत! आपल्या नगरकडं लष्कराच्या के. के. रेंज या सराव-क्षेत्राच्या भोवतीची 23 गावं याच धास्तीत. त्यांतली कित्येक माणसं मुळा धरणापायी आधीच एकदा उठलेली. 2020 मध्ये त्यांच्यासाठी शरद पवारांना संरक्षणमंत्र्यांचं दार गाठावं लागलं.

जवानांशी आमचं भांडण नाही, आजोबा. शेजारी चाकूरला सीमा सुरक्षा दल शिकतं, मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दल. पोरं आमचीच आहेत. म्हणूनच तुमच्याच चालीनं एक अर्ज करतो.

केंद्र सरकारच्या ताब्यात देशभर लाखो एकर संरक्षण जमीन आहे. त्यातली थोडी आमच्या राज्याला नांगरटीच्या सरावासाठी द्यावी. मालकी केंद्राचीच राहील. पेरणी आणि काढणीला तेवढं साहेबलोकांनी बंगले रिकामे करून, कुत्रीमांजरं घेऊन वेशीबाहेर बसावं. हिरवळीचं नुकसान झालंच तर आमचा तलाठी पंचनामा करील. सवड मिळाली की. मुदत ठरावीक वर्षांचीच. संपली की वाढवून घेऊ.

आपला आज्ञाधारक,
एक सातबाराधारक

ता. क. : पवित्र मानलेल्या विहिरीला सैन्यानं हात लावू नये, अशी अट तुम्ही घातली आहे म्हणे. आमच्या बोअरला उन्हाळ्यात पाणी नसतं, पण शेंदूर आजच फासून ठेवला आहे.