जा रे, एक पुडी आण

किशोरवयीन मुलांना औषधे, दारू आणि तंबाखू यांविषयी आपल्याकडे कोणी काही शिकवत नाही, अशी ओरड अधूनमधून ऐकू येते. ती करणाऱ्यांनी एखाद्या रविवारी सकाळी आपल्याच गल्लीच्या तोंडाशी दहा मिनिटे उभे राहावे. सहावी-सातवीतला एखादा मुलगा मुठीत नोट धरून टपरीकडे निघालेला दिसेल. मागून खिडकीतून आवाज येईल, "जा रे, एक पुडी आण. चुना वेगळा माग. उरलेल्याचं चॉकलेट घे." इतक्या थोड्या शब्दांत मालाची ओळख, वापराची पद्धत आणि श्रमाचा मोबदला असे तीन पाठ देणारा शिक्षक आपल्या अध्यापक विद्यालयांतून अजून बाहेर पडायचा आहे.

हे शिक्षण वेळेवर सुरू होते, हा त्याचा मोठा गुण. 2019 साली देशभरातल्या 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांची तंबाखूविषयक पाहणी झाली. जी मुले या वाटेला गेली होती, त्यांपैकी सिगारेटवाल्यांतल्या 38 टक्के, बिडीवाल्यांतल्या 47 टक्के आणि तंबाखू चघळणाऱ्यांतल्या 52 टक्के मुलांनी वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधीच श्रीगणेशा केला होता. पाचवीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही म्हणून दर वर्षी वर्तमानपत्रे हळहळतात. या विषयात मात्र शिकणाऱ्यांतला निम्मा वर्ग इयत्तेच्या पुढे आहे आणि कौतुकाचा एक अग्रलेख नाही.

अभ्यासक्रम स्थानिक गरजा ओळखून आखलेला आहे. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, आणि खेड्यापाड्यांत आजीची मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी बोटावर घेऊन दातांना लावायची. शेजारी बसलेल्या नातीच्या मनावर एकच गोष्ट ठसते, ती म्हणजे तंबाखू हा दंतस्वच्छतेचा भाग आहे. टूथपेस्टच्या कंपन्या एवढ्या विश्वासासाठी कोट्यवधी रुपये ओततात.

सरकारचाही या कामी हातभार आहे. गुटखा आणि पानमसाला यांवर राज्यात 2012 च्या जुलैत बंदी आली. अन्नसुरक्षा कायद्याखाली अशी बंदी एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाची घालता येते, म्हणून ती आषाढी वारीसारखी वर्षातून एकदा नव्याने निघते. बंदी म्हणजे माल मिळत नाही, असा बाळबोध समज मुलांनी करून घेऊ नये, याची काळजी टपरीवाला घेतो. माल फळीवर नसतो, फळीखाली असतो. कायदा आणि त्याची अंमलबजावणी यांतला फरक समजावून सांगताना नागरिकशास्त्राच्या शिक्षकाचा घसा कोरडा पडतो. टपरीवर तो नुसता खाली वाकून दाखवला जातो.

सुट्या सिगारेटचेही तसेच. सप्टेंबर 2020 पासून राज्यात सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला मनाई आहे. पण अख्खे पाकीट घेण्याची ऐपत नववीतल्या मुलाकडे कुठून असणार? शिवाय पाकिटाच्या 85 टक्के भागावर आरोग्याचा सचित्र इशारा छापणे सक्तीचे आहे, आणि सडलेल्या तोंडांच्या चित्रांचा कोवळ्या मनावर काय परिणाम होतो हे पालकांना वेगळे सांगायला नको. सुटी सिगारेट देणारा दुकानदार मुलाला त्या बीभत्स दृश्यापासून वाचवतो. दोरीला टांगलेला लायटर तो फुकट वापरू देतो, हेही नोंदवले पाहिजे.

शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असे 2003 चा कायदा सांगतो. 100 यार्ड म्हणजे 91 मीटर 44 सेंटीमीटर. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ही हद्द पिवळ्या रेघेने आखावी असे आहे. रेघ आखली की मुलांची मोठी सोय होते, कारण कुठून पुढे निर्धास्त खरेदी करावी हे कोणाला विचारत बसावे लागत नाही. रेघेच्या आतच टिकून राहिलेल्या टपऱ्यांनी तर तेवढे चालण्याचेही कष्ट वाचवले आहेत. या सेवेबद्दल कायद्याने त्यांच्यावर 200 रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. महिन्याच्या गाळेभाड्याशी ताडून पाहिले, तर राज्यात याहून स्वस्त परवाना सापडणार नाही.

पण हे सगळे प्राथमिक शिक्षण झाले. आपली खरी प्रतिभा औषधांच्या बाबतीत दिसते.

मेडिकलमध्ये मुलाला पाठवताना डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, रिकामी पट्टी लागते. "ही दाखव आणि अशीच दे म्हणाव." झाले. अनेक प्रतिजैविके, काही झोपेच्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे अशांसाठी सरकारने 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वन नावाची वेगळी यादी लागू केली. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा हवा, चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही, रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत लिहायचे, वही तीन वर्षे जपून ठेवायची. एवढा खटाटोप. इकडे बारा वर्षांच्या मुलाने काउंटरवर टाच उंचावून रिकामी पट्टी सरकवली की काम होते. फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर असते. स्वतः फार्मासिस्ट कुठे असतो, हा प्रश्न सुसंस्कृत ग्राहक विचारत नाही.

घरी आल्यावर पुढचा धडा. पाच दिवसांच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या असतात, ताप दुसऱ्या दिवशी उतरतो. मग उरलेल्या गोळ्या वाया का घालवायच्या? त्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जातात आणि पुढच्या पावसाळ्यात धाकट्याच्या घशाला उपयोगी पडतात. जिवाणूंना औषधाची नुसती तोंडओळख करून देऊन त्यांना तयारीला वेळ देण्याची ही उदारता आपल्या संस्कृतीला शोभणारी आहे. गोळ्यांची मुदत संपली की नाही, ही चिंता उरत नाही, कारण मेडिकलवाल्याने कात्रीने चार गोळ्या कापून दिल्या तेव्हा तारखेचा कोपरा दुसऱ्याच कोणाच्या वाट्याला गेलेला असतो. तापाची गोळी एका नावाची, सर्दीची दुसऱ्या नावाची, आणि दोन्हींत पॅरासिटामॉलच. निरोगी मोठ्या माणसानेही ते दिवसाला 4 ग्रॅमच्या पुढे घ्यायचे नसते, कारण पुढचा हिशेब यकृताला चुकवावा लागतो. पण नावे वेगळी म्हणजे औषधे वेगळी, एवढा साधा विश्वास आपण मुलांच्या मनात रुजवला आहे. तो मोडायला वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचावी लागतील आणि मुलांच्या डोळ्यांवर आधीच मोबाइलचा ताण आहे.

मुलींच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष होते असे म्हणणाऱ्यांना गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा दाखवायला हवा. चौदा वर्षांच्या पोरीची तारीख नेमकी गौरी जेवायच्या दिवशी येते. घरात धावपळ उडते. मोठ्या काकूंना कधीकाळी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचे नाव पाठ असते, मेडिकलमधून पट्टी येते, आणि पोरीला हळू आवाजात सांगितले जाते, "सकाळ-संध्याकाळ घे, कुणाला बोलू नकोस." ही संप्रेरकाची गोळी आहे, देण्याआधी डॉक्टरांनी रक्ताच्या गुठळ्यांचा, यकृताचा, अर्धशिशीचा इतिहास विचारायचा असतो, हे सगळे खरे. पण घरात गौरी येत असताना इतिहासात शिरायला वेळ कोणाला आहे? शिवाय त्या मुलीला एकाच आठवड्यात तीन गोष्टी कळतात. देवाला तिच्या शरीराची अडचण होते. ती अडचण गोळीने दूर होते. आणि गोळीविषयी बोलायचे नसते. पुढे कधी वसतिगृहात कोणी तिला दुसरी कसली गोळी देऊ केली, तर शेवटचा नियम ती विसरणार नाही.

मुलग्यांची प्रगतीही उल्लेखनीय आहे. गोरे होण्यासाठी आणि मुरमांसाठी ते स्टिरॉइडचे मलम आपापसांत वाटून घेतात. जिममध्ये काही मुले मेफेंटरमाइनचे इंजेक्शन घेतात, जे मुळात शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञाच्या हाताशी असते. काही शहरांत झोपेच्या गोळ्यांना 'बटन', 'कुत्ता गोळी' अशी घरगुती नावेही मिळाली आहेत. रिकामी पट्टी दाखवून काहीही मिळते, हा आपणच घालून दिलेला पाया. त्यावर त्यांनी स्वतःच्या बुद्धीने मजला चढवला.

दारूचा तास सणावारी भरतो. आषाढाच्या शेवटी येणारी अमावास्या म्हणजे दीप अमावास्या. स्वयंपाकघरात दिवे उजळून पूजा होते आणि गच्चीवर गटारी. मुलांना दोन्ही ठिकाणी काम असते. खाली वाती वळायच्या, वर बर्फ, सोडा आणि शेंगदाणे पोचवायचे. चकण्याच्या बशीतून चार फुटाणे उचलण्याची परवानगी असते, आणि दारूविषयीचे पहिले प्रेम नेहमी खारट असते. वरातीत एखादा मामा भाच्याच्या ग्लासात दोन थेंब टाकतो आणि म्हणतो, "आता मोठा झालास." शाळेचे प्रगतिपुस्तक मोठे झाल्याची ग्वाही दहा वर्षे देत असते, त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही.

इथे राज्याच्या परंपरेचा अभिमान बाळगायला हवा. 1949 चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून लागू आहे. त्यामुळे महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, आणि तो कशासाठी द्यायचा याचे कारण त्यावर सरकारनेच छापले आहे: आरोग्य जपण्यासाठी आणि राखण्यासाठी. एक दिवसाच्या परवान्याला विदेशी दारूसाठी 5 रुपये आणि देशीसाठी 2 रुपये पडत आले आहेत. पाच रुपयांत आरोग्याची इतकी काळजी घेणारी दुसरी सरकारी योजना निदान आम्हाला तरी माहीत नाही. बिअर आणि वाइनला वयाची अट 21, कडक दारूला 25. वाढदिवसाच्या पार्टीत सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती बाटली देणारे वडील फारतर आठ वर्षांचा अनुशेष भरून काढत असतात. जाहिरातीला मनाई असल्यामुळे तेच नाव सोड्याच्या आणि पाण्याच्या बाटलीवर दिसते, म्हणजे तहानलेल्यालाही आठवण राहते.

काही वकील मंडळी 2015 च्या बाल न्याय कायद्याचा धाक घालतात. मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. मुलाकडून दारू वाहून आणवली तरी शिक्षा तीच. शब्दशः घेतले तर गटारीच्या संध्याकाळी कोपऱ्यावरून पिशवी आणायला पोराला धाडणारे निम्मे काका आत जातील आणि सोसायट्यांची वार्षिक सभा गणसंख्येअभावी तहकूब करावी लागेल. तेव्हा कायदा मोठा ठेवून तो कोणाला न लावण्यातच सामाजिक शहाणपण आहे. तसेही त्याच पुडीसाठी 200 रुपयांचा कायदा हाताशी असताना 7 वर्षांचा कोण काढतो?

आता शाळा. जागतिक तंबाखूविरोधी दिन 31 मे रोजी येतो, तेव्हा आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुटी असते. मुले गैरहजर असल्यामुळे शपथ शांततेत पार पडते. 26 जूनला अमली पदार्थविरोधी दिन आणि राजर्षी शाहू महाराजांची जयंती एकत्र येतात, म्हणून प्रभातफेरी एकच निघते, फक्त फलक दोन असतात. फेरी टपरीवरून जाते, टपरीवाला मुलांना पाणी देतो. निबंधस्पर्धेत 'व्यसन एक शाप' हा विषय असतो आणि पहिले बक्षीस नेहमी सुवाच्य अक्षराला मिळते. 'तंबाखूमुक्त शाळा' हा फलक प्रवेशद्वारावर लागतो. फलकाखाली उभे राहून एखादे गुरुजी तळहातावर चिमूट मळत असतील, तर त्यांनी शाळेच्या बाजूला पाठ केलेली असते. शिस्त म्हणतात ती हीच.

एवढी बसलेली घडी विस्कटू पाहणारे थोडे लोक सगळीकडे असतात. विज्ञानाच्या एखाद्या बाई वर्गात औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणायला सांगतात. मुलांकडून घटकाचे नाव वाचून घेतात, दोन पट्ट्यांवर एकच घटक कसा निघतो ते दाखवतात, मुदतीची तारीख शोधायला लावतात. मित्राने पुडी पुढे केली तर मैत्री न तोडता नाही कसे म्हणायचे, याची जोडीजोडीने तालीम घेतात. ज्याच्या घरी कोणाला तंबाखू सोडायची असेल त्याने लिहून न्यावा म्हणून 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात ठेवतात. याचे परिणाम वर्गापुरते राहत नाहीत. मुलगी घरी येऊन विचारते, "बाबा, तुमच्याकडे परवाना आहे का?" मुलगा श्रीखंडाचा डबा ताटात उपडा करतो आणि निम्म्या गोळ्या बाजूला काढतो. काकूंना विचारले जाते की ही गोळी तुम्हाला कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी आणि कोणत्या साली दिली होती. जेवणाच्या वेळी असले प्रश्न कोणत्या घराला परवडतील?

पालकसभेत या प्रकाराबद्दल तक्रार येते आणि मुख्याध्यापक गंभीरपणे ऐकून घेतात. सुदैवाने अशा बाई दर शाळेत नसतात, आणि जिथे असतात तिथे त्यांना मतदार याद्यांचे काम लागलेले असते.