आत्याबाईंचा सरकारमान्य डोळा

गौरी-गणपतीस मोटारीने कोकणात उतरावयाचे ठरले की मखराचे सामान, तेलाचे डबे आणि टायरांतील हवा हा सिद्धतेचा क्रम घरोघर ठरलेलाच असतो. परंतु यंदा आमच्या मेहुण्यांनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, यादीच्या शिरोभागी ‘उजेड’ हे एकच पद ठळक अक्षरांत लिहिले आणि त्याच्या तजविजीसाठी मला बरोबर घेऊन ते पुण्याच्या नाना पेठेत दाखल झाले.

मोटारीचा जो अवयव नाना पेठेत मिळत नाही तो मोटारीस नसतोच, असे जाणते लोक सांगतात. तेथील एका दुकानदाराने प्रथम ‘शंभर-नव्वद’चा बल्ब पुढे केला. मूळचा बल्ब साठ-पंचावन्न वॅटचा; त्याच्या जागी हा तापट गृहस्थ बसविला म्हणजे होल्डर वितळतो आणि तारा करपतात, एवढी माहिती मेहुण्यांस होती, म्हणून तो नापसंत झाला. मग दुकानदाराने एक चकचकीत पेटी उघडली. “साहेब, हॅलोजनचा जमाना संपला. हा एलईडी न्या. सहा हजार केल्विन! रात्री निघालात तर दिवस वाटेल.” केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप आहे, राशीचे नव्हे; सहा हजाराचा दिवा हॅलोजनच्या बत्तीसशेच्या जवळजवळ दुप्पट उजेड देईल असे मानणे म्हणजे कापडाच्या रंगावरून त्याची लांबी सांगण्यापैकी आहे. हे मी हलक्या आवाजात निवेदन केलेही. परंतु ‘सहा हजारी’ हा शब्द कानी पडताच मेहुण्यांच्या मुद्रेवर मोगली मनसबदाराचे जे तेज चढले, त्यापुढे माझा अर्ज दाखलही न होता निकालात निघाला.

ताई मुलांसह आधीच पुढे गेलेली असल्यामुळे पुढील आसनांवर आम्ही दोघे, मागील आसनावर आमच्या आत्याबाई आणि त्यांच्यामागे आंबेमोहोराचे एक भरगच्च पोते, अशी मांडणी झाली. तांदळाच्या मुलुखात तांदूळ कशासाठी न्यावयाचा, ही शंका मी घेतली होती. तिचे निरसन करणे आत्याबाईंनी आपल्या योग्यतेचे मानले नाही.

पौड मागे पडले, दिवस मावळला आणि मेहुण्यांनी दिवे लावले. उजेड पडला हे कबूल केले पाहिजे. झाडांचे शेंडे दिसू लागले, विजेच्या खांबांवरील चिमण्या मुहूर्त झाला असे समजून जाग्या झाल्या, आणि समोरून येणारे प्रत्येक वाहन आपले दिवे वर-खाली, वर-खाली असे अत्यंत त्वरेने उघडझाप करू लागले. “बघा,” मेहुणे म्हणाले, “सलाम करताहेत लोक!”

“जावईबापू,” मागून आत्याबाई म्हणाल्या, “त्या टेंपोवाल्यानं खिडकीतून मान बाहेर काढून जे म्हटलं, तो सलाम नव्हता.”

मुळशी ओलांडून ताम्हिणीत शिरलो तेव्हा धुके रस्त्यापर्यंत उतरले होते, आणि येथे सहा हजारी मनसबदारीची खरी परीक्षा झाली. धुके म्हणजे हवेत तरंगणारे असंख्य जलकण. जितका उजेड त्यांच्यावर फेकावा तितका ते बिनतक्रार परत करतात, आणि तोही फेकणाऱ्याच्याच डोळ्यांत. उजेडाचा झोत खाली दबलेला आणि आखीव असेल तर धुक्याच्या पोटाखालून थोडा रस्ता तरी दिसतो. आमचा झोत मात्र आकाश, दरी आणि डोंगर यांच्यात निःपक्षपातीपणे वाटला गेला असल्याने रस्त्याच्या वाट्यास फारच थोडा आला होता. फ्रान्स देशात १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून थेट १९९३ पर्यंत मोटारींस पिवळेच दिवे असण्याचा दंडक होता, ही ऐतिहासिक माहिती मी मेहुण्यांचे मन रमावे म्हणून सांगितली. त्यांनी मला खाली उतरून गाडीपुढे चालण्यास सांगितले. ताम्हिणीचा बराचसा भाग मी अशा प्रकारे पायी पाहिला आहे. धबधबे सुंदर असावेत, आवाज तरी तसा येत होता.

माणगावास पोहोचलो तो एका गॅरेजचा दिवा जळत होता. मालक हातातील चहाचा पेला खाली न ठेवता गाडीपुढे आला, डोळ्यांवर आडवा हात धरला आणि म्हणाला, “हे रिफ्लेक्टरमध्ये घातलंय होय?” मग त्याने मूळचा हॅलोजन बल्ब मेहुण्यांच्या डोळ्यांसमोर धरून जे निरूपण केले, त्याच्या तोडीचे एखाद्या पाठशाळेतही क्वचितच ऐकावयास मिळेल. त्या बल्बाच्या पोटात दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते, आणि तारेचा जो उजेड खाली जाऊन आरशाच्या तळावरून उसळत समोरच्याच्या डोळ्यांत जावयाचा, तो ती वाटी अडविते. आरशाची सारी वळणे या तारेच्या नेमक्या जागेच्या हिशेबाने पाडलेली. एलईडीचा उजेड निघावयाची जागा तसूभर जरी इकडची तिकडे झाली तरी हिशेब मोडतो आणि झोत दाही दिशांस पसरतो. “जास्त उजेड हवा तर भिंगासकट अख्खा प्रोजेक्टरचा दिवाच घ्या,” तो म्हणाला, “नाहीतर आहे त्याची नीट निगा करा.”

मेहुण्यांनी दुसरा मार्ग पत्करला, कारण पहिल्याची किंमत त्यांनी विचारली होती. मालकाने दिव्यांच्या काचांवर (काचा म्हणावयाच्या, वस्तुतः ते पॉलिकार्बोनेट) चढलेला पिवळा थर पाणी शिंपडून बारीक वॉटर पेपरने उतरविला, बॅटरीपासून जाड तारा ओढून मध्ये रिले बसविला, जेणेकरून वाटेत गळणारे व्होल्ट बल्बापर्यंत पुरते पोहोचावेत, आणि जुने बल्ब नव्याने रुजू केले. मग पलीकडच्या गिरणीच्या चुनेगच्ची भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करून, दिव्यांच्या उंचीवर खडूने एक रेघ मारून, त्याने फोकस लावावयास घेतला. दहा मीटरांवर झोताची कड दहा सेंटिमीटर उतरलेली असावी, मात्र डाव्या अंगास ती किंचित वर चढावी, म्हणजे कडेने जाणारा पादचारी आणि मैलाचा दगड दिसतो.

माझी हयात कचेरीत गेली असल्याने भिंतीवरील पुराव्याने माझे समाधान होईना. १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत या बाबतीत एक मोठा नमुनेदार इसम कल्पिलेला आहे. तो दिव्यापासून आठ मीटरांवर, दिव्याच्या उजव्या अंगास अर्धा मीटर बाजूस उभा असतो, आणि त्याचा डोळा जमिनीपासून बरोबर दीड मीटर उंचीवर असतो; हा डोळा दिपता कामा नये, असे सरकारचे फर्मान आहे. दीड मीटरवर डोळा म्हणजे सुमारे सवापाच फुटांची व्यक्ती. आम्ही तिघांनी एकाच वेळी आत्याबाईंकडे पाहिले.

टेप लावून, खुणेच्या जागी, छत्री हातात घेऊन आत्याबाई उभ्या राहिल्या. दिवे लागले. “काही त्रास नाही,” त्यांनी निर्णय दिला, “सुईत दोरा ओवीन.” मेहुण्यांनी समाधानाने पाकीट काढले, पण मालक चहाचा पेला अखेर खाली ठेवून म्हणाला, “थांबा. आजी तर बाहेर आहेत.”

मुद्दा बिनतोड होता. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटरांचे अंतर धरले, तर मागची बाजू भाराने दोन इंच दबताच झोत शंभर मीटरांवर दोन मीटर वर चढतो. साक्षीदार आणि भार या दोन्ही नात्यांनी आत्याबाईंची उपस्थिती आवश्यक, आणि एकाच काळी अशक्य. शेवटी गॅरेजातील दोन पोरे मागील आसनावर बसविण्यात आली. भिंतीवरील रेघ वीतभर वर सरकली, आत्याबाईंनी छत्री डोळ्यांआड धरली आणि मालकाने चालकाच्या गुडघ्याजवळील, मेहुण्यांनी आजवर केवळ शोभेचे मानलेले एक चाक शून्यावरून दोनवर फिरविले. रेघ निमूटपणे खाली आली.

“दोन?” आत्याबाई छत्री मिटत म्हणाल्या. “माझ्या एकटीच्या जागी दोन पोरं?”

“पोरं हडकुळी आहेत, आजी,” मालक तत्परतेने म्हणाला. अशा माणसास घासाघीस न करता पैसे द्यावेत असे माझे मत आहे.

महाड मागे पडले. रस्ता स्पष्ट दिसत होता, कडेचे दगड मोजता येत होते, आणि समोरून येणाऱ्यांपैकी कोणीही आमची कसलीही दखल घेत नव्हते. मेहुणे मात्र उत्तरोत्तर खिन्न होत चालले. ताम्हिणीपूर्वीचे ते सलाम त्यांच्या मनातून जात नसावेत. पोलादपूरच्या अलीकडे एका एस.टी.ने दुरूनच आपले दिवे खाली केले, मेहुण्यांनीही लगबगीने खाली केले, आणि बस सळसळत निघून गेली.

“आत्याबाई, पाहिलंत?” ते मागे वळून म्हणाले, “एस.टी.नं आपल्याला डिपर दिला!”

“दिला ना,” आत्याबाई म्हणाल्या, “आता पुढे बघा.”