सरकारी सवडीचे न्यायशास्त्र

धनादेशाच्या पुढच्या बाजूस पैसे कोणाला मिळावेत हे लिहिलेले असते आणि मागच्या बाजूस ते अखेर कोणाचे बुडावेत हे ठरते, असे बँकव्यवहारावरील पाठ्यपुस्तके उघडपणे सांगत नसली, तरी पृष्ठांकनाचा सारा कायदा याच गोष्टीभोवती फिरतो. पृष्ठांकन म्हणजे धनादेशाच्या पाठीवर सही करून त्यावरील हक्क दुसऱ्याकडे सोपविणे. ज्याच्या नावे धनादेश काढलेला आहे त्या आदात्याची ही सहीच खोटी असेल, तर तो कागद पुढे कितीही सज्जनांच्या हातांतून गेला तरी त्यांच्यापैकी कोणालाही त्यावर खरा हक्क मिळत नाही. अशी सही पारखण्याचे काम रांगेतील प्रत्येकाने आपल्या मागच्यावर सोपवावे, आणि आपण ते केलेले नाही हे पुरते ठाऊक असताना पुढच्याला मात्र लेखी हमी द्यावी, ही या व्यवहाराची रूढ शिस्त होय.

या शिस्तीचे गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च १९४३ रोजी निकाली काढलेल्या ‘क्लिअरफील्ड ट्रस्ट कंपनी विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या खटल्यात सापडते. महामंदीच्या काळात बेकारांना सार्वजनिक कामांवर रोजगार देणाऱ्या ‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ या सरकारी यंत्रणेकडील कामाबद्दल पेनसिल्व्हेनियातील एका कामगाराच्या नावे २८ एप्रिल १९३६ रोजी २४ डॉलर २० सेंटांचा धनादेश निघाला व टपालात पडला. तो कामगाराच्या हाती कधीच पोहोचला नाही; पोहोचला तो एका अज्ञात इसमाच्या हाती, ज्याने क्लिअरफील्ड येथील जे. सी. पेनी कंपनीच्या दुकानात जाऊन आपणच तो कामगार असल्याची नोकरांची खात्री पटविली, त्याच्या नावाने सही ठोकली आणि थोडा माल व थोडी रोकड घेऊन अमेरिकी कायद्याच्या इतिहासातून कायमचा काढता पाय घेतला. दुकानाने धनादेश क्लिअरफील्ड ट्रस्ट कंपनी या बँकेकडे वसुलीसाठी दिला. आणि जो माणूस आपण पाहिला नाही त्याच्या सहीसकट आधीच्या सर्व पृष्ठांकनांची हमी देत, बँकेने फिलाडेल्फियाच्या फेडरल रिझर्व्ह बँकेमार्फत सरकारकडून पैसे वसूल करून दुकानाला पोचते केले.

मजुरी मिळाली नसल्याचे कामगाराने १० मेपर्यंतच मुकादमाच्या व हजेरी-कारकुनाच्या कानावर घातले होते. ही वार्ता एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर यथाक्रम सरकत राहिली; ३० नोव्हेंबरला, सही आपली नव्हे, असे कामगाराचे शपथपत्र झाले; बनावट सहीची पहिली सूचना बँकेला १२ जानेवारी १९३७ रोजी मिळाली आणि सरकार पैसे परत मागत आहे हे तिला त्याच वर्षीच्या ३१ ऑगस्टला कळले. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही मराठी म्हण ज्यांना अतिशयोक्त वाटते, त्यांनी ती प्रत्यक्षात किती मवाळ आहे हे या तारखांवरून ताडून पाहावे. १९३९ मध्ये सरकारने दावा लावला, तेव्हा जिल्हा न्यायालयाने पेनसिल्व्हेनिया राज्याचा कायदा लागू केला. त्या कायद्यात सूचनेला अवाजवी विलंब झाला की समोरच्याची हानी झाली असे गृहीत धरले जात असल्याने दावा फेटाळला गेला. अपील न्यायालयाने हा निर्णय फिरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने फिरविलेलाच कायम केला.

न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांच्या निकालपत्रानुसार सरकारी धनादेशांचे हक्क व दायित्व राज्यांच्या नव्हे, तर संघीय कायद्याने ठरतात. कारण सरकार प्रचंड प्रमाणावर धनादेश काढते आणि तत्कालीन ४८ राज्यांचे ४८ नियम त्याला सोसणारे नाहीत. असा संघीय कायदा कोणी संमत केलेला नव्हता, ही अडचण न्यायालयाने तो स्वतःच घडवून दूर केली. संघराज्याचा सर्वसाधारण न्यायनिर्मित कायदा अस्तित्वातच नाही, असे याच न्यायालयाने पाच वर्षांपूर्वी, १९३८ मध्ये, ‘ईरी रेलरोड विरुद्ध टॉम्पकिन्स’ या खटल्यात सांगून १८४२ च्या ‘स्विफ्ट विरुद्ध टायसन’ या निर्णयाला मूठमाती दिली होती. आता त्याच दिवंगत निर्णयाच्या छायेत वाढलेला व्यापारी कायदा सोयीचा संदर्भ म्हणून पुन्हा हाताशी धरण्यात आला. धनादेशाचे पैसे देणारे म्हणून सरकार इतर कोणाहून वेगळे नाही, असेही त्याच निकालाने बजावले. म्हणजे कायदा निवडताना सरकार अवाढव्य असते आणि निवडलेल्या कायद्याचा लाभ घेताना ते चारचौघांसारखे होते.

या निकालाचे खरे सौंदर्य मात्र विलंबाच्या सिद्धान्तात आहे. सूचनेला उशीर झाल्याने स्पष्ट हानी झाली, हे सिद्ध केले तरच बँकेची सुटका, अन्यथा नाही, असे न्यायालयाने ठरविले. धनादेश वटवल्यानंतर थोड्याच दिवसांत परत आला तर तो वटवणारा माणूस दुकानाच्या नोकरांना पुष्कळदा शोधून काढता येतो, हे उभयपक्षी मान्य होते. प्रत्यक्ष सूचना आली तेव्हा एकाही नोकराला त्या व्यवहारातले काहीही आठवेना, हेही मान्य होते. एवढ्याने हानी सिद्ध होत नाही, असे न्यायालयाला वाटले. तात्पर्य असे, की उशिरामुळे चोराचा चेहरा विसरला जातो, चेहरा विसरल्यामुळे उशिराने नुकसान झाल्याचा पुरावा उरत नाही, आणि पुरावा नसल्यामुळे उशीर निरुपद्रवी ठरतो. म्हणून आठ महिने लावणाऱ्या कचेरीपेक्षा आठ वर्षे लावणारी कचेरी या तर्काने अधिक निर्दोष होय. पळत्याच्या पाठीस न लागता हाताशी असेल त्याला धरावे, हे व्यवहारज्ञान येथे न्यायतत्त्वाच्या पदाला पोहोचले.

बँकांच्या समाधानासाठी एवढे नमूद करणे उचित, की १७६२ च्या ‘प्राइस विरुद्ध नील’ या इंग्लंडमधील खटल्यापासून, पैसे देण्याचा आदेश काढणाऱ्याची सही बनावट असेल तर ती न ओळखता पैसे देणाऱ्यालाच तोटा सोसावा लागतो. सरकारनेही आपल्या माणसाची सही ओळखणे अपेक्षित असते. मजुराची सही मात्र सरकारने ओळखावी अशी अपेक्षा नसते. ती दुकानाने आणि बँकेने ओळखावी. पुढे १९८७ च्या कायद्याने बनावट पृष्ठांकनाबद्दल बँकेकडे मागणी करण्यास सरकारला सामान्यतः एक वर्षाची मुदत घालून दिली. न्यायालयाला जो विलंब दिसला नाही, तो विधिमंडळाला ४४ वर्षांनी दिसला, हाही विलंबाच्या परंपरेचा मानच म्हणायचा.

निकालानुसार सरकारने बँकेकडून वसूल करावे, बँकेला दुकानाकडून वसूल करता यावे आणि दुकानाने कोणालाही न आठवणाऱ्या त्या गिऱ्हाइकाकडून वसूल करावे, अशी ही परिपूर्ण व्यवस्था आहे. त्या कागदाच्या पाठीवर सह्या करणाऱ्या सर्वांमध्ये पहिली सही कोणाची आहे हे निश्चितपणे ठाऊक असलेला इसम एकच होता, आणि हमी मागण्याचे कोणाला सुचले नाही ते नेमके त्याच्याकडूनच.