पुढचा एक दात

नांदेड-लातूर पट्ट्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान असतं. दुकानापुढे लिंबाचं झाड असतं, झाडाखाली भंगारातून आणलेल्या एसटीच्या सीटचा बाक असतो आणि त्या बाकावर एक इसम बसलेला असतो. तो मिस्त्री नसतो आणि गिऱ्हाईकही नसतो. त्याची गाडी शेजारीच उभी असते, पण तिला काही झालेलं नसतं. निदान त्या दिवशी तरी नसतं. लोहा, अहमदपूर, चाकूर, मुखेड, उदगीर, कुठेही जा, नाव वेगळं निघेल, माणूस हाच. आपण त्यांना पिकअपराव म्हणू.

तुमची गाडी दुकानापुढे थांबली की पिकअपराव तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत. वाकून साखळीकडे बघतात आणि विचारतात, "किती दाताचं हाय?"

आपण पंक्चर काढायला आलेलो असतो. दातांचा विषय आपल्या डोक्यातही नसतो.

"कुणाचे दात?"

"गाडीचे ओ. पुढचे."

इथे तुम्ही "माहीत नाही" म्हणालात, की पंक्चर बाजूला राहतं. पिकअपराव बाकावर सरकून जागा करून देतात, लांबूनच दोन कट सांगतात आणि शिकवणी सुरू होते.

शिकवणीचा मजकूर मात्र बिनचूक असतो, हे मान्य करायला हवं. मोटारसायकलला दोन दातेरी चकत्या असतात, इंजिनापाशी लहान आणि मागच्या चाकाला मोठी. दोन्हींवरून साखळी फिरते. अख्खा मराठवाडा या सामानाला चेन-पॉकेट म्हणतो. समजा पुढे 14 दात आहेत आणि मागे 42. म्हणजे पुढचं पॉकेट तीन वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं. आता पुढचा एक दात कमी करा, 13 चं बसवा. त्याच एका फेऱ्यासाठी आता सव्वातीनच्या आसपास गिरक्या लागतात. चाक हळू फिरतं, पण जोर साडेसात टक्क्यांहून थोडा जास्त मिळतो. मागे तीन दात वाढवून 45 केले तरी जवळपास तेवढंच साधतं. पण मागचं पॉकेट महाग, शिवाय साखळी अपुरी पडू शकते. पुढचं काम स्वस्तातलं. कव्हर काढा, दोन बोल्ट सोडा, चकती बदला. चहा यायच्या आत गाडी तयार. "पुढचा एक म्हणजे मागचे तीन," हे पिकअपरावांचं सूत्र. ते ऐकताना चहावालासुद्धा मान डोलावतो. त्याच्याही लुनाचं काहीतरी केलेलं असतं.

पिकअपरावांच्या आजोबांना माळेगावच्या जत्रेत मान होता म्हणतात. बैलाचा जबडा उघडून दोनदाती, चारदाती की जुळलेला हे ते एका नजरेत सांगायचे. कंधारी बैल घ्यायचा तर त्यांना विचारून. नातवाच्या वाट्याला बैल आले नाहीत, पण दात मोजायची खोड रक्तात उतरली.

आता हा माणूस नुसताच रिकामटेकडा आहे असं समजू नका. दूध घालणं हा त्यांचा सकाळचा धंदा. दारात देवणी गाय आहे, ती पाव्हण्यांना दाखवायला. दूध म्हशींचं. वाडीवरून तालुक्याला जायचं तर मध्ये बालाघाटचा चढ. वडिलांच्या काळी राजदूत होती. ती ओढायची पण सकाळी सुरू व्हायला पाच-सहाजणांची विनवणी मागायची. मग 1994 मध्ये स्प्लेंडर बाजारात आली आणि काही वर्षांत वाडीवर पोचली. 97.2 सीसीचं इंजिन, घोडे सात-आठ. दोन्ही बाजूंना 40 लिटरचा एकेक कॅन टांगला की 80 लिटर दूध. दूध पाण्यापेक्षा जरा जड, म्हणजे 82 किलो तेच झालं. त्यावर कॅनचं वजन, त्यावर खुद्द पिकअपराव. वेशीवर झेडपी शाळेचे गुरुजी हात करणार, त्यांना नाही म्हणता येत नाही. परतताना पेंडीचं पोतं.

"धारूहेड्याच्या कारखान्यातल्या सायबानं गाडी काढली, ती नवराबायकोला हिशोबात धरून," पिकअपराव सांगतात. "आमचे गुरुजी त्यानं धरलेच न्हाईत."

हे तक्रारीच्या सुरात नाही, समजूतदारपणे सांगतात. ट्रॅक्टरला कंपनी हाय-लोचा दांडा देते. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या कारखान्याला न्यायच्या हे तिला ठाऊक असतं. मोटारसायकलला तेवढं द्यायचं राहून गेलं. मग कंपनीचं राहिलेलं काम पिकअपराव करतात.

बरं, हा नाद एकट्या मराठवाड्याचा नाही. अमेरिकेत रॉकी पर्वतात बर्फावर पळणाऱ्या गाड्या असतात, पुढे दोन घसरपट्ट्या आणि मागे रबरी पट्टा. तिथेही बंद डब्यात, तेलात बुडालेली साखळी आणि वर-खाली दोन दातेरी चकत्या. डोंगरातले हौशी लोक वरची लहान करतात नाहीतर खालची मोठी. कारण भुसभुशीत बर्फ पट्ट्याला धरून ठेवतो आणि वर हवा विरळ, दर हजार फुटांमागे इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्क्यांनी उतरते. भाच्याने हे मोबाइलवर दाखवलं तेव्हा पिकअपरावांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "बघ. अमेरिकेलाबी पटलं." त्यांनी हे अमेरिकेला कधी कळवलं होतं, ते विचारायची भाच्याची हिंमत झाली नाही.

पुढचा दात काढल्यावर काय मिळतं हे ते रंगवून सांगतात. पहिल्या गिअरात हाफ क्लच दाबत जायला लागत नाही. चढावर मध्येच गिअर पाडावा लागत नाही. क्लच प्लेटा जगतात. यात खोटं काही नाही. पण काय जातं, हे विचारलं की मात्र त्यांना कमी ऐकू येतं.

"अॅव्हरेज किती देते आता?"

"हां, थंडीबी पडायली औंदा."

अॅव्हरेज उतरतं. त्याच वेगाला इंजिनाला जास्त गिरक्या माराव्या लागतात, पेट्रोल त्याच हिशोबाने जातं. लहान पॉकेटवर साखळी जास्त वाकते, म्हणून झिजतेही लवकर. पूर्वी ज्या आवाजात गाडी साठने जायची, त्याच आवाजात आता छप्पन्नने जाते. मीटर तर लबाडी करत नाही. या गाडीत त्याची तार पुढच्या चाकातून येते, मागचे दात किती याच्याशी तिला देणंघेणं नसतं. पिकअपरावांच्या मते मीटर बिघडलेलं आहे.

सगळ्यात बाका प्रसंग आला तो लातूरला. बहिणीची मुलगी तिथे नीटच्या तयारीला राहिलेली. लातुरात पोराने पोह्याच्या गाड्यावर उभं राहून पोहे मागवले तरी शेजारचा त्याला घर्षणावरचा प्रश्न घालतो, असं ते गाव. पिकअपराव डबा घेऊन गेले आणि बोलता बोलता म्हणाले, "पोरी, एक दात काढला अन् गाडीची ताकद वाढली बघ."

ती डबा उघडता उघडता म्हणाली, "ताकद न्हाई वाढत मामा. बल वाढतं, वेग कमी होतो. दोघांचा गुणाकार आहे तेवढाच राहतो. उलट साखळीच्या घर्षणात थोडा जातोच. घोडे होते तेवढेच."

पिकअपराव गप्प बसले. मग रस्त्यापर्यंत तिला सोबत घेऊन आले आणि तिच्या हातावर पाचशेची नोट ठेवली. गावी आल्यावर बाकावर जाहीर केलं, "आमची पोरगी डॉक्टर होणार हे शंभर टक्के. पण तिनं कधी कॅन बांधले न्हाईत."

मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत. पण ज्याला रोज सहा वाजता चढ चढायचाय त्याला गुणाकारात रस नसतो.

खरा पराभव काळ्या मातीने केला. जुलैत पाऊस लागला की आपली काळी फुगते. टायर आणि मडगार्डच्या मधे जाऊन बसते. पिकअपरावांनी मडगार्ड वर चढवून घेतलं आणि हट्टाने आणखी एक दात कमी केला. शेताच्या वाटेवर त्यांनी गाडी रेस केली, मागचं चाक जागच्या जागी गरगरलं आणि अर्ध्या मिनिटात एक्सलपर्यंत खाली. जोर होता, पण धरायला जमीन नव्हती. शेवटी शेजारच्या बैलजोडीला टोचन लावून गाडी काढली. बैल कंधारीच होते.

"पिकअप एवढा आला," दुसऱ्या दिवशी ते सांगत होते, "की मातीला सोसंना."

मग पुन्हा 13.

नवरात्रात माहूरला रेणुकामातेला जायचा नेम. ट्रिपलसीट. आधी गडाच्या चढावर बायको आणि पोरगा दोघं खाली उतरून मागे चालायचे, पिकअपराव एकटे वर जाऊन वाट बघायचे. दात बदलल्यापासून फक्त बायको उतरते. यावर त्यांचं मत, "पन्नास टक्के फरक पडला." बायकोचं मत त्यांनी विचारलेलं नाही. पोराला ऐकू गेलंय, पण तो सांगत नाही.

अशा माणसाचा शत्रूही त्याच बाकावर बसतो. तो टॉपवाला. पंचविशीतला, हेल्मेट आरशाला अडकवणारा. त्याला पुढे 15 हवं असतं. नांदेडला जाताना सगळे मागे पडले पाहिजेत. चढाला त्याची गाडी दम टाकते, हे तो कुणाला सांगत नाही. दोघं एकमेकांना अडाणी समजतात, चहा मात्र एकाच कपात अर्धा-अर्धा घेतात. या सगळ्यात मिस्त्री चाचा एकदाही बोलत नाहीत. त्यांच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. जो जे काढतो ते त्यात पडतं. जो जे मागतो ते त्यातूनच निघतं.

मध्यंतरी राष्ट्रीय महामार्ग 361 रुंद झाला. तुळजापूर-औसा-लातूरकडून येतो, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जातो. कड्याकपारी कापून चढ उताणे केले. दूध संकलनाची गाडीही आता थेट वाडीच्या फाट्यावर यायला लागली, म्हणजे कॅन नेणं बंद झालं. गुरुजींची बदली झाली. पिकअपराव रिकाम्या गाडीवर एकटेच लातूरला निघाले. सपाट रस्ता, पाठीशी वारा आणि खाली इंजिन आकांताने ओरडतंय. चाकूरच्या अलीकडे एका टीव्हीएस एक्सेलने त्यांना मागे टाकलं. तिच्यावर दोघं होते, मधे कोंबड्यांची पाटी.

चार दिवस ते बाकावर दिसले नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी, टॉपवाला नांदेडला गेल्याची खात्री करून आले. इकडचं तिकडचं बोलले, सोयाबीनचा भाव विचारला. मग हळूच म्हणाले,

"चाचा, चौदाचं एखादं पडलंय का?"

चाचांनी डब्यात हात घातला आणि न शोधता बाहेर काढला. कागदात गुंडाळलेलं, तेल लावून ठेवलेलं पॉकेट.

पिकअपरावांनी कागद सोडला, उलटंपालटं करून पाहिलं. "हे तर माझंच दिसायलंय."

"तुमचंच हाय. त्या दिवशी काढलेलं."

"मग काय घेणार?"

"दीडशे."

"माझंच, अन् दीडशे?"

चाचा पाना उचलून गाडीकडे वळले. "दुसऱ्याला शंभरात दिलं असतं मालक. पण तुमच्यासाठी म्हणून इतके दिस कुणालाच दिलं न्हाई, त्याचे पन्नास."