चाकू कशाला आणलास?

घोटी म्हटलं की नाशिककरांना भाताच्या गिरण्या आठवतात, महामार्गावरचा टोलनाका आठवतो. एप्रिल २०२५मध्ये मात्र घोटीचं नाव देशभर झालं ते दप्तरांमुळे. तिथल्या एका खासगी शाळेत मुलांची दप्तरं तपासली आणि त्यांतून चाकू निघाले, फायटर निघाले, सायकलच्या चेन निघाल्या, पत्ते निघाले आणि कंडोमही निघाले. बहुतेक मथळ्यांत कंडोम पुढे होता, चाकू मागे. हा क्रमच मला मान्य नाही. वयात येणाऱ्या पोराच्या खिशात कंडोम सापडला तर त्याच्याशी बोलायला हवं, नीट बोलायला हवं. पण झोप उडायला हवी ती चाकूनं.

शाळेनं सांगितलं, आम्ही दप्तरं नेहमीच तपासतो, मुलांत गुन्हेगारी वृत्ती वाढू नये म्हणून. शाळेला मी दोष देणार नाही. तिनं झाकपाक केली नाही, हेच पुष्कळ झालं. असं काही सापडलं की पालकांच्या हातात दाखला ठेवायचा आणि पोराला दुसऱ्या शाळेच्या दारात नेऊन सोडायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्यात चाकू तोच राहतो, फक्त शाळा बदलते.

पण बातम्या दप्तरापाशीच थांबल्या. खरा प्रश्न दप्तर रिकामं झाल्यावर सुरू होतो. बाळा, चाकू कशाला आणलास?

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा फायटर घेऊन शाळेत येतो तेव्हा एक तर त्याला कुणाला तरी घाबरवायचं असतं, नाहीतर तो स्वतः कुणाला तरी घाबरलेला असतो. पुष्कळदा दोन्ही. झडतीत फायटर हाती लागतो, भीती लागत नाही. ती मुलाबरोबर संध्याकाळी घरी जाते आणि सकाळी पुन्हा शाळेत येते.

याचा शेवट कुठे होऊ शकतो, ते नाशिकनं त्याच वर्षी पाहिलं. ऑगस्टमध्ये सातपूरला एका खासगी क्लासला जाणाऱ्या दहावीतल्या मुलाचा मारहाणीत जीव गेला. मारणारेही त्याच वयाचे. कारण काय, तर बाकावर बसण्यावरून आधी झालेला वाद. बाकावरून! आपण सगळेच बाकावरून भांडलो आहोत. त्यात जीव जात नसे, कारण वाद पेटायच्या आत कुणी तरी मोठं माणूस मध्ये पडायचं. सर असतील, बाई असतील, नाहीतर शिपाईमामा असतील. ‘तू इकडे बस, तू तिकडे, आणि दोघंही सुट्टीत मला भेटा’, एवढ्यावर मिटायचं. आज मुलं शाळेत सहा तास, क्लासला दोन-तीन तास बसतात, आणि या आठ-नऊ तासांत त्यांचं भांडण कुणाच्या कानावर जात नाही. क्लासवाल्याला अभ्यासक्रम संपवायचा असतो. शाळेतल्या मास्तरांचं काय होतं, ते पुढे सांगतो.

एक गोष्ट आधी बोलली पाहिजे. सध्या या शहराला दंडुका आवडू लागला आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये पोलिसांनी गुंडांना वठणीवर आणलं आणि ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ हे वाक्य त्यांच्याकडून वदवून घेतलं. लोक खूश झाले. रस्त्यावरच्या दहशतीनं टेकीला आलेल्या माणसांना बरं वाटलं, हे मी समजू शकतो. पण तोच सूर आता शाळांबद्दल लागतोय. ‘आमच्या वेळी मास्तर फोडून काढायचे, म्हणून आम्ही सरळ झालो.’ ‘हाडं आमची, मांस तुमचं.’ पालकसभेत हे बोलणारे बाप मी पाहिले आहेत, आणि ते पुरेशा गांभीर्यानं बोलत असतात.

त्यांना माझं सरळ सांगणं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्याच्या कलम १७नं मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई केली आहे. ती मनाई उगाच नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये वसईत उशिरा आली म्हणून सहावीतल्या मुलीला उठाबशा काढायला लावल्या, आणि काही दिवसांत ती मुलगी गेली. पाच-दहा मिनिटांच्या उशिरासाठी! उशीर का झाला, हे विचारायला त्याहून कमी वेळ लागला असता. उठाबशा मोजायला माणूस सापडतो, विचारायला सापडत नाही, हा आपल्या शाळांचा रोग आहे. आणि ‘आम्ही सरळ झालो’ म्हणणाऱ्यांनी आपल्याच वर्गातल्या त्या पोरांचीही आठवण काढावी, जी माराला भिऊन चौथीत, सातवीत शाळेबाहेर गेली आणि परत आलीच नाहीत. ती आज पालकसभेत बोलायला नसतात.

मग शिस्त लावायची कशी? एक साधा प्रसंग घेऊ. सातवीच्या वर्गात बाईंना एका मुलाच्या कंपासपेटीत कर्कटकाखाली ब्लेड दिसलं. पेन्सिलीला टोक करायचं म्हणावं, तर शार्पनर शेजारीच आहे. आता बाईंपुढे दोन वाटा. पहिली वाट सोपी. ब्लेड जप्त, डायरीत लाल शाईनं शेरा, उद्या पालकांना घेऊन ये. पालक म्हणजे बहुधा आई. ती कंपनीत खाडा करून येणार, ऑफिसबाहेर तासभर उभी राहणार, मान खाली घालून सही करणार आणि घरी जाऊन पोराला बडवणार. पोरगा एकच धडा शिकणार: पुढच्या वेळी ब्लेड मोज्यात ठेवायचं.

दुसरी वाट लांबची आहे. ब्लेड काढून घ्यायचंच. पण मधल्या सुट्टीत मुलाला बाजूला बसवायचं, त्याचा डबा उघडून घ्यायचा आणि गप्प राहायचं. पहिल्या दिवशी तो ‘असंच’ म्हणतो. दुसऱ्या दिवशीही ‘असंच’. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतं, की घरी जायच्या रस्त्यावर पानटपरीपाशी मोठी मुलं उभी असतात, खिसे तपासतात, परवा त्यांनी सायकलची हवा सोडली. मग बाईंनी आठ दिवस शाळा सुटताना फाटकाशी उभं राहायचं, त्याला त्याच रस्त्यानं जाणाऱ्या दोघा-तिघांबरोबर लावून द्यायचं, हेडसरांना सांगून पोलीस चौकीला फोन करायला लावायचा. महिनाभर रोज एका वाक्याची चौकशी करायची. याला मी शिस्त म्हणतो. कडक शिस्त म्हणतो, कारण बाईंनी ब्लेडही सोडलेलं नाही आणि मुलालाही सोडलेलं नाही.

या दुसऱ्या वाटेला एकच गोष्ट लागते, बाईंचा वेळ. आणि तोच आपण त्यांच्याकडे ठेवलेला नाही. सकाळी आल्या आल्या हजेरी, मग अ‍ॅपवरची हजेरी. खिचडीच्या तांदळाचा हिशेब, शिजलेल्या खिचडीची चव घेऊन चवीच्या नोंदवहीत सही. यू-डायसची माहिती, आधारची जुळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, झाड लावल्याचा फोटो, फोटो अपलोड झाल्याचा फोटो. मतदार यादी आली की बाई बीएलओ होतात आणि दारोदार फिरतात. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम २७मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं द्यायची नाहीत. कलम १७ शिक्षकाला सुनावणाऱ्या अधिकाऱ्यांनी पुढची दहा कलमंही वाचावीत.

वेळ घेतला, आणि माणसंही. १५ मार्च २०२४ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी सरकारनं शिक्षकांच्या पोशाखाचा निर्णय काढला. जीन्स नको, टी-शर्ट नको, नक्षीकाम नको, शर्ट खोचलेला हवा. डॉक्टरांसारखं शिक्षकांनी नावाआधी ‘टि’ लावावं. त्याच तारखेला संचमान्यतेचे, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवण्याचे, नवे निकषही आले. त्यांच्या हिशेबानं कमी पटाच्या कितीतरी शाळांत सहावी ते आठवीला शिक्षक मंजूर होणंच अवघड झालं. संघटना रस्त्यावर उतरल्या, कोर्टात गेल्या. शर्ट खोचायला सांगणारं आणि शर्ट घालून वर्गात उभं राहणारं माणूसच काढून घेणारं सरकार एकच, दिवसही एकच. त्याआधी २०२२मध्ये वर्गात शिक्षकांचे फोटो लावायचा आदेश निघाला होता, ‘आपले गुरुजी’ म्हणून. फोटो भिंतीवर लावला की मुलांना गुरुजी ओळखू येतात, पण मूल गुरुजींना ओळखू यायला हवं असेल तर गुरुजी वर्गात हवेत.

ते वर्गात असले की काय होतं, हे पाहायला नाशिककरांना लांब जावं लागत नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हिवाळी नावाचा आदिवासी पाडा आहे. तिथली जिल्हा परिषदेची शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते आणि दिवसाला बारा-बारा तास चालते. केशव गावित हे तिथले शिक्षक. मुलं शेकड्यांच्या पुढचे पाढे म्हणतात, संविधानातली कलमं सांगतात, दोन्ही हातांनी एकाच वेळी लिहितात. राज्यभरातून शिक्षक, अधिकारी, पत्रकार ही शाळा बघायला गेले. बहुतेकांना अप्रूप वाटतं ते दोन हातांनी लिहिण्याचं. मला त्याचं तेवढं वाटत नाही, पाढ्यांचंही नाही. मला मोठं वाटतं ते हे, की दिवेलागणीलाही तिथल्या मुलाला जायला एक उघडी जागा आहे आणि त्या जागेत त्याला नावानं ओळखणारा माणूस बसलेला आहे. आईबाप मजुरीवर गेले असतील, परतायला उशीर झाला असेल, तरी मूल वाऱ्यावर नाही.

पण हिवाळीचा दाखला घेऊन उद्या कुणी परिपत्रक काढायला निघालं, की सर्व शिक्षकांनी ३६५ दिवस शाळा भरवावी, तर मी त्याला विरोध करीन. गावितांनी स्वतःहून केलं ते कुणावर लादता येत नाही. त्यांनाही घर आहे, शरीर आहे. एका माणसाच्या जिवावर बारा तास चालणारी शाळा कौतुकाची, पण तिथे तीन माणसं दिली असती तर ती सरकारची शाळा झाली असती. ध्येयवेडा शिक्षक सापडला की आपण त्याला हार घालतो, आणि रिकाम्या जागा तशाच ठेवतो.

साने गुरुजींचंही आपण असंच केलं. ‘श्यामची आई’ त्यांनी फेब्रुवारी १९३३मध्ये आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिली, याचा इथे सगळ्यांना अभिमान आहे. त्याआधी १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तिथलं छात्रालय त्यांच्याकडे होतं. मुलांनी खोली अस्ताव्यस्त टाकली तर ते स्वतः आवरून ठेवायचे. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हातानं लिहून काढायचे. दैनिक, म्हणजे रोज! लोकांना गुरुजींचं रडणं आठवतं. मला त्यांचा नेम आठवतो. मुलांना वळण लावणाऱ्या माणसानं आधी स्वतःला लावलेलं वळण होतं ते, आणि त्याला छात्रालयातले ते रोजचे तास मोकळे होते.

शाळेत नियम हवेत. मोबाइल नको, वेळेवर या, केस नीट कापा, सगळं कबूल. दप्तर तपासायचं तर तपासा, पण वर्गासमोर टेबलावर मांडू नका, मुलींचं दप्तर बाईंनीच बघावं, आणि काही सापडलं तर त्या मुलाचं पुढच्या तीन महिन्यांत कोण बघणार, त्याचं नाव त्याच दिवशी ठरवा. समुपदेशक कुठल्या तरी जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. वर्गशिक्षक रोज समोर असतात. नाव त्यांचंच लागणार, म्हणून त्यांच्याकडचं दुसरं काही तरी काढून घ्या.

पालकांनो, पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा टक्केवारी आणि सहलीचे पैसे विचारून परत येऊ नका. तुमच्या शाळेत किती जागा रिकाम्या आहेत, ते विचारा. गेल्या वर्षात वर्गशिक्षक किती दिवस वर्गाबाहेरच्या कामाला होते, ते विचारा, आणि उत्तर लेखी मागा. तुमच्या मुलाचं वर्गात कुणाशी पटत नाही, हे वर्गशिक्षकांना माहीत आहे का, ते विचारा. हे सांगायला वर्गशिक्षक सभेला हजरच नसतील, तर त्या दिवशी त्यांना कुठल्या ड्यूटीवर पाठवलंय आणि ती कुणी लावली, तेही विचारूनच उठा.