दोन मायक्रोमीटरची विद्वत्ता

चंद्रपूरजवळच्या घुग्घुस या कोळसाखाणींच्या गावातील बाजारात समाक्ष केबलचे, म्हणजे डिशपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंत येणाऱ्या गोल वायरचे, ‘साधी’ आणि ‘चांगली’ असे दोनच प्रकार मानले जातात. शास्त्राचे एवढ्यावर भागत नाही, आणि केबलज्ञ म्हणून मिरवू इच्छिणाऱ्या गृहस्थांचे तर मुळीच भागत नाही. या वर्गाचा सर्वांत जवळून अभ्यासिलेला नमुना म्हणजे प्रस्तुत लेखक होय. दुकानदार ‘किती मीटर देऊ, भाऊ?’ एवढेच विचारतो आणि प्रतिबाधेचा विषयच काढीत नाही, याचे या वर्गाला मनस्वी दुःख होते.

मधोमध तार, तिच्याभोवती फेसाळ पॉलिथिलीनचा रोधक थर, त्यावर ॲल्युमिनियमची पन्नी व विणलेली जाळी, आणि सर्वांत बाहेर प्लास्टिकचे वेष्टन, अशी या केबलची रचना असून, ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० मध्ये समाक्ष केबलच्या मूळ कल्पनेचे एकस्व घेतले होते. तार आणि जाळी यांचा अक्ष एकच असल्याने संदेश त्यांच्यामध्येच कोंडलेला राहतो व बाहेरचा गोंगाट आत शिरत नाही. प्रतिबाधा म्हणजे केबलमधून जाणाऱ्या तरंगाच्या व्होल्टतेचे प्रवाहाशी असलेले ठरावीक गुणोत्तर. ते दूरचित्रवाणीसाठी ७५ ओहम आणि वायरलेस संचांसाठी बहुधा ५० ओहम असते, आणि दोन्ही केबली एकमेकींना जोडल्यास तरंगाचा काही भाग सांध्यावरून माघारी परततो. मालिका ऐन रंगात आली असता हे तत्त्व घरच्यांना समजावून सांगणारा केबलज्ञही तसाच माघारी पाठविला जातो.

उच्च वारंवारितेचा प्रवाह तारेच्या गाभ्यात शिरत नाही, तो पृष्ठभागावरच्या पातळ ‘त्वचे’तूनच वाहतो. एक गिगाहर्ट्झला तांब्यातील ही त्वचा अवघी दोन मायक्रोमीटर जाडीची असते, आणि प्रस्तुत लेखकाचे केबलविषयक ज्ञानही साधारण तेवढेच खोल आहे. म्हणूनच पोलादी तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबलही चित्र बरे आणते. मात्र डिशवरील एलएनबी या ग्राहक-भागाला त्याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्टचा एकदिश पुरवठा जात असतो, आणि हा पुरवठा सगळी तार वापरीत असल्याने, अंतर लांब असेल तर शुद्ध तांबेच घ्यावे लागते.

दूरचित्रवाणीच्या केबलीत आरजी-५९ ही बारीक, आरजी-६ ही मध्यम आणि आरजी-११ ही सुमारे दहा मिलिमीटर जाडीची. आरजी-६ मध्ये १००० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे सुमारे २० डेसिबल हानी होते. तीन डेसिबल म्हणजे निम्मी शक्ती गेली असे समजावे. वीस मीटरच्या घरगुती अंतराला आरजी-६ पुरते, तरीही केबलज्ञ आरजी-११ मागतो, कारण ती शेजाऱ्याच्या गच्चीवरून दिसते. मे महिन्यात पारा ४७ अंशांवर गेला की तांब्याचा विरोध वीस अंशांच्या मानाने दहा टक्क्यांनी वाढतो, पण उच्च वारंवारितेची हानी मात्र जेमतेम पाच टक्क्यांनी. एवढ्याशा आकड्यावर केबलज्ञ अख्खा उन्हाळा बोलू शकतो.

येथे थोडे विषयांतर आवश्यक आहे, निदान लेखकास तसे वाटते. केबलच्या एका प्रकारात पन्नी-जाळीच्या बाह्य वाहक आवरणाला मुद्दाम खाचा ठेवून संदेश झिरपू दिला जातो. भूमिगत खाणीत दगड व कोळसा रेडिओतरंग गिळून टाकतात आणि वळणापलीकडे आवाज पोहोचत नाही. म्हणून ही झिरपणारी केबल बोगद्याच्या छताने नेतात, ठरावीक अंतरांवर प्रवर्धक बसवितात, आणि हातातील संचावर बोलणाऱ्या कामगाराचा शब्द वाटेतल्या कोणत्याही खाचेतून आत शिरून वर जातो. घरगुती केबलीत जो दोष, तोच येथे गुण. आणि खाली माणूस असेल तर जाळीच्या दाटपणाची फुशारकी कोणी मारीत नाही. वर्धा खोऱ्याच्या या पट्ट्यातील कोळसा चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या वीजकेंद्रात जळतो आणि राज्यभरचे पडदे उजळतात. घुग्घुसच्या वाट्याला मात्र छतावर, डिशवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी धूळ येते, तिच्यावर सिमेंट कारखान्याची पांढरी धूळ चढते, आणि हा हिशेब कोणत्याही पडद्यावर दाखविला जात नाही.

मूळ विषयाकडे वळायचे तर, चित्र बिघडते ते बहुधा सांध्यापाशी. केबलच्या टोकाची पिन नीट आवळली नसेल तर पावसाचे पाणी जाळीतून आत ओढले जाते आणि महाग केबलही महिन्या-दोन महिन्यांत साधी होते. मुसळधार सरीत चित्र जाते ते मात्र आकाशातल्या पाण्यामुळे, त्याचा राग केबलवर काढू नये. तेव्हा वाचकांनी आरजी-६, शुद्ध तांब्याची तार आणि दाट जाळी एवढे पाहून घ्यावे, मध्ये जोड देऊ नये, उघड्यावरच्या पिनेला रबरी टोपी घालावी, आणि उरलेले पैसे ती पिन बसविणाऱ्या पोराला द्यावेत. केबलज्ञाला विचारू नये.