दगडाला पाणी

रोज सकाळी सात वाजता मी बाल्कनीतल्या एका दगडाला पाणी घालतो. समोरच्या इमारतीतल्या आजोबांना आधी वाटलं, पिंड असणार. ते लांबूनच हात जोडायचे. एकदा वाण्याच्या दुकानात गाठ पडली तेव्हा त्यांनी विचारलं, "नर्मदेची का हो?"

म्हटलं, "नाही. साधा दगड आहे. नीरेच्या पात्रातनं उचलून आणलाय."

"मग पाणी?"

"मुरावा म्हणून."

त्या दिवसापासून आजोबा हात जोडत नाहीत. नुसते बघतात, आणि त्या बघण्यात माझ्याविषयी काळजी असते.

खरं तर मी या वाटेला लागलो तो झाडांमुळे. निवृत्तीनंतर काहीतरी हवं म्हणून बोन्सायच्या वर्गाला नाव घातलं. पहिला वड मी आठवडाभर गावाला गेलो तेव्हा गेला. दुसरी चिंच जास्त पाण्याने कुजली. तिसऱ्या बोगनवेलीच्या फांदीला तार गुंडाळताना ती फांदी हातात आली, आणि मग मागोमाग बाकीची बोगनवेलही. जपानी माळी म्हणतात की नुसतं पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षं जातात. माझी तिन्ही झाडं दीड वर्षातच आटोपल्यामुळे अभ्यासक्रम अर्धवट राहिला.

पुढे भाच्याकडे टोकियोला गेलो, तेव्हा तो मला ओमियाला घेऊन गेला. 1923च्या महाभूकंपानंतर टोकियोतल्या बोन्सायवाल्यांनी शहर सोडलं आणि जवळच ओमियाला मोकळी जमीन आणि चांगलं पाणी बघून 1925 साली आपलं गाव वसवलं. गावाचे नियमही केले. इथे राहायचं तर घरात किमान दहा बोन्साय हवेत, फाटक सगळ्यांसाठी उघडं हवं, घर दुमजली बांधायचं नाही आणि कुंपण झाडांचंच हवं. आमच्या सोसायटीच्या नियमावलीत बाल्कनीच्या कठड्यावर कुंडी ठेवायला मनाई आहे. तिथे तेव्हा दहाच्या खाली कुंड्या असल्या तर माणूस नियमबाह्य! मी फाटकातून आत पाऊल टाकताना माझी तीन मयत झाडं आठवून थोडा ओशाळलोच.

एका बागेत लांब नळीची झारी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ फळीवरच्या झाडांना पाणी घालत चालले होते. काळा पाइन झाला, मेपल झाला. पुढे फळीवर पाचसहा दगड मांडलेले होते. आता झारी वर उचलतील असं वाटलं. पण त्यांनी त्याच चालीत, तितकंच सावकाश, दगडांनाही पाणी घातलं. शेवटच्या दगडाशी थांबले, वाकून त्याची मागची बाजू पाहिली आणि तिथे जरा जास्त घातलं.

"यांना कमी दिसतं का रे?" मी भाच्याला कुजबुजत विचारलं. त्याने चौकशी करून सांगितलं, "मामा, याला योसेकी म्हणतात. दगड पोसणं." असे दगड वर्षानुवर्षं ऊनपावसात ठेवतात, रोज भिजवतात. हळूहळू त्यांचा कोरा रंग जाऊन वापरातल्या उंबरठ्याला येते तशी झाक त्यांना येते. याला दहा वर्षंही लागतात, पन्नासही. बापाने भिजवायला घेतलेला दगड मुलाच्या हयातीत तयार होतो.

या दगडांना सुइसेकी म्हणतात. सुइ म्हणजे पाणी, सेकी म्हणजे दगड. तळहातावर किंवा फार तर दोन्ही हातांत मावेल एवढा दगड, पण त्यात लांबचा डोंगर दिसावा, धबधबा दिसावा, एखादी झोपडी दिसावी. मुख्य अट एवढीच की हे रूप पाण्याने आणि वाऱ्याने दिलेलं हवं. आपल्याकडे टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. सुइसेकीत एक घाव बसला की असलेलं देवपण जातं. बूड सपाट करण्यापुरती करवत चालवावी की नाही, यावरही त्या मंडळींत वाद आहेत. म्हणजे झाडाच्या बाबतीत छाटा, वाका, मुळं कापा, फांदीची साल सोलून तिचं पांढरं लाकूड करा, सगळं चालतं. शेजारच्या दगडाला मात्र हात लावायचा नाही, फक्त बघायचं. मला हे पटलं. न लावलेल्या हाताने काही मरत नाही.

परत आल्यावर नीरेत पाय सोलवटेपर्यंत फिरलो आणि एक काळा दगड घेऊन आलो. पावसाळ्यात लांबून तोरणा दिसतो तसा तो मला दिसतो. हिला त्यात माझा धाकटा भाऊ दुपारचा उताणा झोपलेला दिसतो. "हे पोट, आणि ही हनुवटी. अगदी भावजी!" एकदा सांगितल्यावर मलाही अधूनमधून तसंच दिसायला लागलं, हा भाग वेगळा.

सुइसेकीला लाकडी बैठक लागते, तिला दाइझा म्हणतात. दगडाच्या बुडाच्या प्रत्येक उंचवट्याप्रमाणे ती कोरायची, म्हणजे दगड त्यात रुतून बसतो. आमच्या सुताराला बोलावलं. त्याने दगड उलटासुलटा करून पाहिला.

"काका, देव कुठला म्हणायचा हा?"

"देव नाही रे. दगडच आहे."

"मग पाट कशाला?"

"बसायला."

त्याने मान हलवली आणि पैसे आगाऊ मागितले.

या वेडाचा मूळपुरुष चीनमध्ये सापडतो. अकराव्या शतकातला सोंग राजवटीतला नामांकित सुलेखनकार मी फू. आडनाव 'मी'. नव्या नेमणुकीच्या गावी त्याला एक विलक्षण शिळा दिसली, तेव्हा त्याने दरबारी पोशाख मागवून अंगावर चढवला, शिळेला नमस्कार घातला आणि तिला 'दादा' म्हणून हाक मारली, अशी कथा आहे. ज्याच्या नावाची सुरुवातच 'मी'पासून होते तो दगडापुढे वाकला, हे मराठी माणसाला विशेष कळेल. लोक त्याला वेडा मी म्हणत. चांगल्या दगडाचे चार गुणही त्याच्याच नावावर सांगतात: दगड कृश असावा, सुरकुतलेला असावा, त्यात पाणी झिरपायच्या वाटा असाव्यात आणि आरपार भोकं असावीत. सत्तरीतल्या माणसाला इतके अनुकूल निकष दुसऱ्या कुठल्याही कलेत नाहीत.

आता ही वेडी मंडळी जगभर पसरली आहेत. उत्तर कॅलिफोर्नियात ईल नदीच्या काठाने ती खाली मान घालून हिंडतात. 1989 साली ओमियाला पहिलं जागतिक बोन्साय संमेलन भरलं, तेव्हापासून त्यांचे मेळावे देशोदेशी होतात. एकाची भाषा दुसऱ्याला येत नसली तरी पाचपन्नास जपानी शब्द सगळ्यांना येतात, आणि बाकीचा वेळ झाडापुढे गप्प उभं राहण्यात जात असल्याने काही अडत नाही.

गप्प राहण्यावरून आठवलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 200 वर्षं झाली तेव्हा, 1976 साली, जपानमधून 53 बोन्साय आणि सहा दगड वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाला भेट गेले. त्यातला एक पांढरा पाइन हिरोशिमाच्या मासारू यामाकी यांनी दिलेला. त्याला कुंडीत वळण लावायला सुरुवात झाली 1625 साली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पाच वर्षं आधी. झाड तिथे पंचवीस वर्षं सुखाने नांदलं. मग 2001 साली यामाकींचे नातू आजोबांचं झाड बघायला आले आणि त्यांच्याकडून संग्रहालयातल्या लोकांना कळलं, की 6 ऑगस्ट 1945च्या सकाळी हे झाड बॉम्ब पडल्या जागेपासून जेमतेम तीन किलोमीटरवर, यामाकींच्या रोपवाटिकेत उभं होतं. मधल्या भिंतीमुळे वाचलं. ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांनाच ते भेट दिलं, आणि भेटीबरोबर ही हकिकत दिली नाही. आपण लग्नात स्टीलचा डबा दिला तरी झाकणावर नाव घालून घेतो.

ही गोष्ट वाचल्यावर मला पुन्हा झाड लावावंसं वाटलं. मांडणीत दगडाशेजारी झाड शोभतं, या सबबीवर चौथं झाड आणलं. छोटा उंबर. गेल्या मे महिन्यात एका लग्नासाठी आठ दिवस नागपूरला जावं लागलं, तेव्हा हिला झारी कशी धरायची इथपासून सगळं समजावून गेलो. पाचव्या दिवशी फोन केला.

"अहो, उंबराने पानं टाकली बघा. मी साफ विसरले."

"पाणीच घातलं नाहीस?"

"घातलं की. रोज सातच्या ठोक्याला. भावजींना."

"अगं, तो दगड आहे!"

"म्हणून तर. झाड निदान पानं टाकून सांगतं तरी. या बिचाऱ्याने सांगायचं कसं?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि हो, समोरचे आजोबा परत हात जोडायला लागलेत."